पोट गार, पाठ गरम

घरातला फ्रिज बंद पडला की लगेच कळतं, कारण त्याची घरघर थांबते. गाडीमागे ओढत नेतो त्या राहायच्या ट्रेलरमधला फ्रिज चालू असला तरी गप्प आणि बंद असला तरी गप्प. पहिल्या सहलीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी दुधाची बाटली काढली, झाकण फिरवलं आणि नाकाला जे कळायचं ते कळलं.

ट्रेलर आम्ही जुनाच घेतला होता. आधीच्या मालकांनी नळ, दिवे, गाद्या, पाण्याची टाकी सगळं हौसेनं दाखवलं. फ्रिजकडे नुसतं बोट केलं आणि म्हणाले, "हा गॅसवर चालतो, घरच्या विजेवर चालतो आणि बॅटरीवरही चालतो." आम्हाला वाटलं, वा, तीन-तीन सोयी! ज्योत पेटवून गारवा कसा काय येतो, हा प्रश्न तिथल्या तिथे पडायला हवा होता. तो पडला नाही.

निघायच्या दिवशी सकाळी फ्रिज लावला आणि दोन तासांनी सगळं सामान त्यात कोंबलं. दुकानातून आणलेलं तसंच, कोमट. दार लागेना तेव्हा नवऱ्यानं गुडघा लावून ढकललं. खण खराब होऊ नयेत म्हणून मी आधीच जाळ्यांवर प्लॅस्टिकचे कागद कापून अंथरले होते, आणि माझ्या या टापटिपीचा मला अभिमानही होता. पाच तास उन्हातून गेलो. पोचल्यावर खिडकीतून पाणी दिसावं म्हणून ट्रेलर काठाच्या उतारावर उभा केला. थोडा कलला होता, पण झोपायला काही अडचण नव्हती. फ्रिजची बाजू पश्चिमेला आली आणि बाहेर ३४ अंश होते.

संध्याकाळी आत हात घातला तर खोलीपेक्षा जरा बरं, इतकंच. नवऱ्यानं बटण शेवटच्या आकड्यावर नेलं. मी मुलीला दर अर्ध्या तासानं "बघ गं, गार झालाय का" म्हणून पाठवत होते, म्हणजे दर अर्ध्या तासानं दार उघडत होतं. रात्री अकराला थर्मामीटर ठेवला, १४ अंश. पहाटे १६. त्यानंतरचं दुधाचं सांगितलंच.

शेजारच्या ट्रेलरमध्ये सत्तरीच्या एक बाई होत्या. मुलगी त्यांना आजी म्हणायला लागली होती आणि मी मावशी. त्यांच्याकडे बर्फ मागायला गेले.

"बर्फ देते गं, पण आधी फ्रिज बघू दे."

मला वाटलं आत येऊन दार उघडतील, पण त्या ट्रेलरला वळसा घालून मागच्या बाजूला गेल्या. फ्रिजच्या पाठीमागे बाहेरच्या पत्र्याला दोन जाळ्या असतात, एक खाली, एक वर. वरच्या जाळीसमोर त्यांनी तळहात धरला आणि तसाच धरून ठेवला.

"कोमट," त्या म्हणाल्या. "इथून चांगली गरम हवा यायला पाहिजे. ती येत नाही म्हणजे आतली उष्णता आतच बसलीय."

मग आत आल्या, फ्रीझरचा तळ मोकळा करायला लावला आणि खिशातून बोटभर लांबीची पाणसळ काढली. गवंड्याकडे असते तसलीच, फक्त इवलीशी. काचेतला बुडबुडा सरकत सरकत एका टोकाला जाऊन चिकटला आणि हलेना.

"अगं, हा घरचा फ्रिज नव्हे. याला मोटर नाही, पंप नाही. याच्या नळ्यांतून सगळं आपल्या वजनानं वाहतं. तिरका उभा केलास की वाहायचं थांबतं."

आत नेमकं काय चालतं ते मी घरी परतल्यावर समजून घेतलं आणि तेव्हा या गप्प पेटीबद्दल थोडा आदर वाटायला लागला. फ्रिजच्या पाठीला नळ्यांचं एक बंद जाळं असतं आणि त्यात पाणी, अमोनिया आणि हायड्रोजन भरलेला असतो. खालची ज्योत, किंवा विजेची कॉइल, अमोनिया विरघळलेलं पाणी तापवते. अमोनियाची वाफ वर चढते. वर पातळ पात्या बसवलेल्या नळीतून जाताना ती आपली उष्णता मागच्या हवेला देऊन टाकते आणि तिचा द्रव होतो. तो द्रव उतरून फ्रिजच्या पोटातल्या नळीत येतो. तिथे हायड्रोजनची सोबत मिळाली की अमोनिया कमी तापमानालाच पुन्हा वाफ व्हायला लागतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता दुधातून, भाजीतून ओढून घेतो. ओल्या हातावर फुंकर मारली की गार लागतं, तसलंच हे. मग पाणी त्याला परत स्वतःत विरघळवून घेतं आणि फेरा पुन्हा सुरू. ही जुळणी १९२२ मध्ये स्टॉकहोममधल्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी बसवली. गंमत म्हणजे आइन्स्टाइननंही लिओ झिलार्ड या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर असाच हलते भाग नसलेला फ्रिज रचला होता. त्याचं अमेरिकन पेटंट १९३० सालचं आहे. एवढ्या मोठ्या माणसाला जे कोडं सोडवावंसं वाटलं त्यात मी प्लॅस्टिकचे कागद अंथरून ठेवले होते.

तिरका उभा राहिला की नुसतं कूलिंग जातं असंही नाही. द्रव नळीत एकाच जागी साचतो आणि खालचा भाग कोरडा तापत राहतो. पाण्यात गंज धरू नये म्हणून जे रसायन घातलेलं असतं त्याचे अति तापल्यावर खडे होतात आणि नळी कायमची तुंबते. तिथून परतीची वाट नाही, अख्खा मागचा भाग बदलावा लागतो. साधारणपणे आडव्या दिशेनं ३ अंश आणि पुढे-मागे ६ अंश एवढाच कल हे फ्रिज चालवून घेतात. साठ सेंटिमीटर रुंदीला ३ अंश म्हणजे जेमतेम तीन सेंटिमीटर. डोळ्याला एवढा कल कळतही नाही. चालत्या ट्रेलरमध्ये मात्र हा त्रास नाही, कारण हिंदकळून द्रव कुठेच साचून राहत नाही. धोका असतो तो तासन्‌तास तिरकं उभं राहण्यात.

त्या सकाळी आम्ही चाकाखाली लाकडी ठोकळे सरकवत बुडबुडा मधे आणला. नवरा पुढे-मागे गाडी घेतोय, मी हात दाखवतेय, मावशी आतून "अजून थोडं, थोडं, बास!" म्हणतायत. मग ट्रेलर फिरवून फ्रिजची बाजू झाडाच्या सावलीत घेतली. खिडकीतून पाण्याऐवजी शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे दिसायला लागले. प्लॅस्टिकचे कागद मावशींनी स्वतः ओढून काढले. "हवा खाली उतरणार कशी गं?" एवढंच बोलल्या, पण मला पुरेसं झालं. फ्रिजमध्ये कप्प्यांना जाळ्या असतात त्या पाणी गळावं म्हणून नव्हे, हे चाळिशी उलटल्यावर कळलं.

आठ तासांनी ९ अंश. १६ वरून ९ म्हणजे प्रगती होती, पण दुधाला ९ चालत नाहीत. नासणाऱ्या पदार्थांना ४-५ अंशांच्या आत राहावं लागतं. उरलेली सहल आम्ही मावशींच्या बर्फावर काढली.

घरी आल्यावर बाहेरच्या दोन्ही जाळ्या काढल्या. खालच्या जाळीमागे कोरडी पानं, वरच्या जाळीत कुंभारमाशीचं मातीचं घर आणि बर्नरच्या तोंडाशी कोळ्याचं जाळं. गॅसला मुद्दाम घातलेल्या वासाकडे कोळी ओढले जातात म्हणे. खरंखोटं कोळी जाणे, पण जाळं होतं. ज्योत निळी न दिसता पिवळट, थरथरती दिसत होती आणि वर काजळी धरली होती. पानं आणि माती मी काढली. बर्नर आणि गॅसच्या जोडांना मात्र आम्ही हात लावला नाही. त्यासाठी मेकॅनिक बोलावला. त्यानं बर्नर साफ केला, जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालतो का तेही तपासलं. नळ्यांवर पिवळी भुकटी किंवा अमोनियाचा झणझणीत वास असता तर फ्रिज मेला असं समजायचं, असं तो म्हणाला. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. नवऱ्यानं कुठेतरी ऐकलं होतं की असा फ्रिज उलटा करून ठेवला की सुधारतो. मेकॅनिक हसला आणि म्हणाला, "आधी तो सुलटा नीट उभा करा."

खरी मेख त्यानंतर सापडली. फ्रिजची पाठ आणि ट्रेलरचा पत्रा यांच्यामधे आमच्याकडे तळहात मावेल एवढी फट होती. वाटतं, जागा जास्त तर हवा जास्त. पण होतं उलटं. खालच्या जाळीतून आलेली थंड हवा नळ्यांना न शिवता पत्र्याच्या कडेनं वर निघून जाते आणि गरम हवा पात्यांजवळच घोटाळत राहते. चूल पेटती ठेवायची तर धुराला नीट वाट करून द्यावी लागते, तसंच आहे हे. पत्र्याची एक वाकवलेली पट्टी आम्ही आतून अशी बसवली की हवेला पात्यांमधूनच जावं लागेल. वर कॉम्प्युटरमध्ये असतात तसले दोन छोटे १२ व्होल्टचे पंखे, आणि मागची जागा ठरावीक तापली की ते आपोआप सुरू करणारा एक स्विच. खर्च किरकोळ आणि काम एका दुपारचं, त्यातला निम्मा वेळ स्क्रू शोधण्यात गेला.

दाराचं रबरही पाहिलं. कागदाची पट्टी दारात धरून दार लावायचं आणि पट्टी ओढायची. अडकली पाहिजे. आमची खालच्या कोपऱ्यात सुळकन निघाली. रबर मळानं कडक झालं होतं, कोमट साबणाच्या पाण्यानं पुसल्यावर बरंच मऊ झालं.

मग दुसरी सहल. ती फ्रिजनं बिघडवली असं मी म्हणणार नाही, कारण ती आम्हीच बिघडवली. यावेळी प्रवासात फ्रिज १२ व्होल्टवर ठेवला होता. गाडी चालू असताना गाडीच वीज पुरवते, त्यामुळे प्रश्न नाही. पोचल्यावर पाणसळ लावली, ठोकळे लावले, सावली बघितली, एकमेकांचं कौतुक केलं. फक्त फ्रिज गॅसवर घ्यायचा विसरलो. आमच्या फ्रिजची १२ व्होल्टची कॉइल साधारण १७० वॅट घेते, म्हणजे १४ अँपिअर. आमची बॅटरी १०० अँपिअर-अवरची, म्हणजे एक अँपिअर वीज शंभर तास देणारी. साध्या लेड-ॲसिड बॅटरीतून निम्म्याच्या खाली जाऊ नये असं म्हणतात, म्हणजे हातात ५०. पन्नास भागिले चौदा, साडेतीन तास. रात्री दिवे मंद झाले, नळाचा पंप कण्हत थांबला. तेव्हा नवऱ्यानं फ्रिज गॅसवर घेतला आणि तो पेटेना. कारण गॅसवरही याचं नियंत्रण करणाऱ्या सर्किटला आणि गॅसच्या व्हॉल्व्हला थोडीशी १२ व्होल्टची वीज लागतेच! सिलिंडर भरलेला, बर्नर स्वच्छ, बुडबुडा बरोब्बर मधे आणि फ्रिज बंद. अंधारात आम्ही दोघं काही वेळ काहीच बोललो नाही.

तेव्हापासून गाडी थांबली की सर्वात आधी फ्रिजचं बटण, मग बाकीचं. उलट दिशेचाही एक नेम आहे, पेट्रोल भरायला वळण्याआधी ज्योत बंद. त्यात चर्चा नाही.

वीज मिळणाऱ्या जागी आम्ही फ्रिज विजेवरच ठेवतो, गॅस वाचतो. पण तिथेही एकदा फसलो. जागा लांब होती म्हणून घरची बारीक एक्स्टेन्शन वायर जोडली आणि फ्रिज दोन अंशांनी वर चढला. बारीक आणि लांब वायरीत व्होल्टेज पडतं, आणि तापणाऱ्या कॉइलचं गणित कडक असतं. व्होल्टेज १० टक्के पडलं की ताकद १९ टक्के पडते. आता जाड वायर वापरतो.

तिसऱ्या सहलीला निघण्याआधी चोवीस तास फ्रिज लावला, दारात उभ्या, सपाट केलेल्या ट्रेलरमध्ये. सामान आधी घरच्या फ्रिजमध्ये गार केलं आणि मग इकडे आणलं. हा फ्रिज गार वस्तू गार ठेवण्यात तरबेज आहे. कोमट वस्तू गार करायला मात्र त्याला दिवस लागतो. पाण्याच्या दोन बाटल्या, काठोकाठ न भरता, घरच्या फ्रीझरमध्ये दगड करून त्याही आत ठेवल्या. बर्फाची ताकद मला तोवर कळलीच नव्हती. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढ्या उष्णतेत एक लिटर पाणी शून्यावरून ८० अंशांपर्यंत तापतं. म्हणजे दुपारचे चार-पाच तास, जेव्हा फ्रिज उन्हाशी झगडत असतो, तेव्हा या बाटल्या त्याचं ओझं उचलतात. संध्याकाळ झाली की तोच सावरतो.

प्यायच्या पाण्याच्या आणि सरबताच्या बाटल्या वेगळ्या बर्फाच्या पेटीत हलवल्या. दिवसभरात दार उघडतं ते मुख्यतः तहानेमुळे, भुकेमुळे फार कमी. आणि उभ्या फ्रिजचं दार उघडलं की गार हवा पाण्यासारखी खाली सांडते. चप्पल घातलेल्या पायांना ती जाणवते, मुलीनंच ते दाखवलं. आत बॅटरीवरचा हातात मावेल एवढा पंखा खालच्या कप्प्यात ठेवला. त्यानं फ्रिज जास्त गार होतो असं नाही, पण वर ७ आणि खाली ३ असा जो भेद होता तो मिटला. आतल्या पात्यांवर बर्फाचा थर चढला की पुसून टाकायचा, नाहीतर तो थरच पांघरूण होतो आणि आतली उष्णता पात्यांपर्यंत पोचत नाही. चाकूनं खरवडायचा नाही. एवढ्या एका गोष्टीवर मी घरात आवाज चढवला आहे.

थर्मामीटरही आता ग्लासभर पाण्यात बुडवून ठेवतो. हवेचं तापमान दार उघडताच उडतं आणि उगाच घाबरवतं. पाण्याचं तापमान दुधाच्या तापमानासारखंच हळू हलतं, आणि मला चिंता दुधाची.

ओळखीतले लोक विचारतात, एवढा उपद्व्याप कशाला, कॉम्प्रेसरवाला १२ व्होल्टचा फ्रिज का नाही बसवत? प्रश्न बरोबर आहे. तो उन्हात जास्त नेटानं चालतो, थोड्या कलाला जुमानत नाही आणि तासाभरात गार व्हायला लागतो. पण त्याला रात्रंदिवस बॅटरी लागते, म्हणजे सोलर पॅनल आले, मोठी बॅटरी आली. आम्ही तीन-चार दिवस विजेशिवाय राहतो, आणि आमचा हा मुका प्राणी दिवसाला अर्ध्या किलोपेक्षा कमी गॅसवर भागवतो. शिवाय रात्री कानाशी घरघर नाही. बाहेर ४० अंश असतील अशा ठिकाणी जायची वेळ आली तर कदाचित मत बदलेन. बर्फाच्या बाटल्यांची मदत नसेल तर हे फ्रिज बाहेरच्या तापमानापेक्षा साधारण वीस-पंचवीस अंशच खाली नेऊ शकतात, आणि ४० मधून २५ वजा केले की उत्तर दुधाला पसंत पडत नाही.

तिसऱ्या सहलीत बाहेर दुपारी ३३ अंश होते. पंखे मागे बारीक आवाजात सुरू झाले तेव्हा मी उगाच उठून ट्रेलरला वळसा घातला आणि वरच्या जाळीसमोर हात धरला. फार वेळ धरवेना. आत ग्लासात ४ अंश.

नोंदी ठेवायचं काम मुलीनं घेतलं आहे. फ्रिजच्या दाराला दोरीनं वही बांधली आहे आणि पेन्सिल. त्या सहलीचं शेवटचं पान असं आहे: "सकाळी ६ – ३ अंश. दुपारी १ – ४ अंश. दुपारी ३ – ५ अंश, पंखे चालू. दुपारी ४ – ७ अंश. दार उघडं राहिलं होतं. बाबा."